अकरा एकांची रुजवात

"दोन डोयाचं काम कच्चं, चार डोयाचं पक्कं."

हे डोळ्यांचं वाक्य काकाजी दिवसातून दहा वेळा तरी म्हणत, आणि म्हणताना टाकाचं मागचं टोक समोरच्याच्या टेबलावर दोनदा आपटत. समोरचा बहुधा मीच असे. टेबलावर शाईचे बारीक ठिपके उडत, आणि मग ते स्वतःच आपल्या उपरण्याच्या कोपऱ्याने ते पुसत.

कचेरीचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याची कचेरी, एवढं पुरे. मध्यप्रांत आणि वऱ्हाड एकत्र होते आणि कारभार नागपूरहून चालायचा, तेव्हाची गोष्ट. काकाजी तिथे नकलनवीस होते, मीही नकलनवीस. त्यांची नोकरी संपत आलेली, माझी नुकतीच लागलेली. सगळी कचेरी त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणत असे.

आमच्या कामाची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सरकारी कागदाची नक्कल करून दिली की तिच्याखाली दोन सह्या लागत. एक नक्कल करणाराची आणि दुसरी रुजवात घेणाराची. रुजवात म्हणजे मूळ कागद आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवायची, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवून पडताळून पाहायचं. हा झाला नियम. प्रत्यक्षात पहिला सही करून कागद सरकवी आणि दुसरा पान चघळत, खिडकीबाहेर बघत आपली सही ठोकी. तुम्हीही कधी ना कधी असल्या सह्या पाहिल्या असतील. कदाचित केल्याही असतील.

काकाजी मात्र खरोखर रुजवात घेत. स्वल्पविरामासकट. एकदा एका नकलेत सर्व्हे नंबर ८४ चा ४८ झाला होता. शेतकरी नक्कल घेऊन गेला आणि नंतर काकाजींच्या ध्यानात आलं. तसे ते उठले आणि वहाणा हातात घेऊन मोटारस्टँडपर्यंत पळाले. दुसरबीडची लॉरी सुटायच्या बेतात होती. त्या माणसाला त्यांनी टपावरून खाली उतरवलं.

"तुह्यं वावर तुह्याच हातानं दुसऱ्याले देऊन राह्यला होता बे!" धापा टाकत ते म्हणाले.

तो बिचारा घाबरून पायाच पडला. त्याला वाटलं, साहेब आले.

आकड्यांची अदलाबदल हा काकाजींचा खास शत्रू. ते म्हणत, अक्षर चुकलं तर वाचणाराला खटकतं, पण ८४ चा ४८ झाला तर कोणालाच खटकत नाही. दोन्ही सारखेच शहाणे दिसतात.

आता त्यांचा दुसरा नाद. काकाजी आकडे फोडत. कोणताही आकडा दिसला की तो कशाकशाने भागला जातो हे पाहायचं. पंधरा म्हणजे तीन पाचे, तो फुटका. तेरा कशानेच भागला जात नाही, तो न फुटणारा. आम्ही एकदा कचेरीतले पाच-सहा जण लोणारला गेलो होतो. बाकीचे सगळे तळं बघत होते, पाण्याचा रंग कसा आहे यावर वाद घालत होते. काकाजी पायऱ्या मोजत उतरले आणि मोजत चढले. वर आल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता.

"पाह्यलं का राजा? या पायऱ्या फुटत नाईत!"

शेजारी एक यात्रेकरू उभा होता. तो म्हणाला, "दगडाच्या हायत महाराज, काऊन फुटतीन?"

स्वतःच्या वयाचंही त्यांचं असंच. "यंदा मी त्रेपन्न. न फुटणारं वरीस हाय, जपून राहा लागते," असं ते साहेबांनाही सांगत. साहेब मान हलवीत. त्यांना वाटे, ग्रहांचं काही असेल.

या सगळ्या आकड्यांत त्यांचा एक आकडा होता. तो त्यांनी मला वर्षभर पारखून मग सांगितला. एखाद्याने घरातली मुलगी दाखवावी तसं दार लोटून घेतलं, कोरा कागद पुढे ओढला आणि टाकाने अकरा वेळा एक काढला. ११,११,११,११,१११.

"वाच."

"अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा," मी वाचलं.

"कसा वाटते?"

मला काय वाटायचं? मी म्हटलं, "छान आहे."

तेवढ्यावर ते एवढे खूश झाले की मलाच लाज वाटली.

मग त्यांनी समजावलं. अमडापूरला लहानपणापासून त्यांना एकांचं वेड. दोन एकं म्हणजे अकरा, तो फुटत नाही. तीन एकं म्हणजे एकशे अकरा, ते तीन गुणिले सदतीस. पाच एकं घेतली तर एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकं म्हणजे दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. एवढं शोधायला त्यांना तरुणपणी एक अख्खा उन्हाळा लागला होता. चार, सहा, आठ, नऊ, दहा एकं तर झटकन फुटतात, कारण एकांची गिनतीच फुटकी. राहिली अकरा एकं.

"अन् हा फुटत नाई," ते हळूच म्हणाले.

"कशावरून?"

"अकरा म्हंजे दोन एकं. तो बी फुटत नाई. मंग अकरा एकं काऊन फुटतीन?"

हे काही गणित नव्हे, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. पण माणसाला एखादी गोष्ट आधी मनात पटते आणि पुरावा मागाहून गोळा करायचा असतो. काकाजींना तो गोळा करायचा होता.

त्यात त्यांची हुशारी अशी की हजारो आकड्यांनी भागत बसायची गरज त्यांनी आधीच काढून टाकली होती. पाच एकांचे तुकडे, एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर, दहाने भागले की बाकी एक उरते. सात एकांचे तुकडे चौदाने भागले की बाकी एकच. पाचाची दुप्पट दहा, साताची दुप्पट चौदा. तेव्हा अकरा एकांचा तुकडा असलाच, तर तो बावीसने भागल्यावर बाकी एक उरणारा असणार. जेवताना ताटात बोटाने रेघा ओढता ओढता हे त्यांना सुचलं होतं. त्यांच्या घरच्या, म्हणजे काकू, सांगत, की त्या दिवशी वरण तसंच राहिलं. म्हणजे तेवीसने भागून पाहायचं, मग सदुसष्टने, मग एकोणनव्वदने. मधले पंचेचाळीससारखे आकडे स्वतःच फुटके, ते सोडायचे. आणि एक लाख पाच हजार चारशेच्या वर जायचं कारण नाही, कारण त्यापुढचा भाजक लागला तर त्याचा जोडीदार खालीच सापडलेला असणार. त्यांनी यादी केली. हजाराच्या आसपास भाजक निघाले. म्हणजे हजार लांबलचक भागाकार.

"करा की मग," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी अकोल्याच्या डॉक्टरचं सांगितलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत यायची नाही आणि आहे तीही हळूहळू जाणार, जपून वापरा, असं डॉक्टरने सांगितलं होतं.

"मी हिशेब केला राजा. या डोयात एवढा एकच आकडा मावन. दुसरा नाई मावत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन माह्या एकट्याच्या नजरेवर आता माहा भरोसा नाई. तू रुजवात घेशीन का?"

मी हो म्हटलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. साऱ्या कचेरीत त्यांनी मला निवडलं होतं.

त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही केली. एका पानावर चार भागाकार, आणि खाली कचेरीच्या नकलेसारख्याच दोन जागा आखलेल्या. डावीकडे 'भागणार', उजवीकडे 'रुजवात घेणार'. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, ओसरीवर उजेड असेतो, ते एक भागाकार करत. सुट्टीला दोन-तीन. प्रत्येकाचा नवाचा ताळा ते स्वतः घेत. म्हणजे अंकांच्या बेरजा करून, त्यांतून नऊ नऊ टाकून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचं. शनिवारी वही माझ्याकडे येई. मी प्रत्येक भागाकार कोऱ्या कागदावर नव्याने करून पाहायचा, जुळला की सही करायची आणि सोमवारी वही परत द्यायची.

"नुसता ताळा पाहू नको," त्यांनी मला बजावलं होतं. "दोन आकडे एकमेकाच्या जागी गेले, तर नवाच्या ताळ्याले ते दिसत नाई. बेरीज तेवढीच राह्यते. म्हनून तर तू पाह्यजे."

पहिले दीड-दोन महिने मी खरंच केलं. पन्नासेक भागाकार मी मन लावून केले. एकही चूक सापडली नाही. रविवारची दुपार त्यात जाई. मग गावात नाटकमंडळी उभी राहिली आणि मला त्यात एक बऱ्यापैकी भूमिका मिळाली. तालमी शनिवार-रविवारीच. मी चारांतला एक भागाकार करून पाहू लागलो. मग पानातला एकही नाही, नुसता नवाचा ताळा. मग तोही नाही. स्वतःला सांगायचो, यांचं कधी चुकतं का? तेव्हा काय मोठं बिघडतंय?

नुसती सही करून वही परत दिली असती तर एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी तांबड्या पेन्सिलीने प्रत्येक वजाबाकीपाशी बारीक टिंबं करत असे, पडताळल्यासारखी. नाटकात काम करत होतोच, तेव्हा हेही जमलं. सोमवारी काकाजी वही डोळ्यांजवळ नेऊन ती टिंबं पाहात.

"एकेक पायरी पाह्यतं पोट्टं," ते सगळ्यांना सांगत. "माह्याहून चिकट हाय."

काकूंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. मूलबाळ नव्हतं. दोघंच घरात. संध्याकाळी त्या ओसरीच्या कोपऱ्यात भाजी निवडत बसत आणि नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघत. एकदा मी वही द्यायला गेलो तेव्हा काकाजी नळावर हातपाय धूत होते. काकू माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, मी त्याहिले लय म्हनलं, कायले डोये जाळता म्हनून. ऐकत नाईत. आता मी बी बोलत नाई. तुमी पाह्यता ना सारं, मंग त्याहिले दुसऱ्या बारीले पाहा लागत नाई. तेवढे तरी डोये वाचतेत."

मी त्यांच्या हातचा चिवडा खात होतो. तो खाल्ला. आणखी मागूनही घेतला.

असं सुमारे सव्वादोन वर्षं चाललं. नजर कमी होत गेली, तसे वहीतले अंक मोठे होत गेले. शेवटी शेवटी एका पानावर एकच भागाकार मावे. कचेरीत त्यांना मूळ कागद वाचता येईना, मी वाचून दाखवायचो आणि ते सवयीने लिहायचे. पण ओसरीवर बसून भागाकार चालूच. शेवटचा भागाकार झाला त्या दिवशी त्यांनी कचेरीत सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. लोक विचारत, काय झालं? तर म्हणत, "नाई फुटला."

मग पत्र. नागपूरच्या एका कॉलेजात गणिताचे एक प्रोफेसर होते, त्यांना. माझं इंग्रजी बरं, म्हणून काकाजींनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. बावीसचा नियम, यादी, पद्धत, सगळं त्यांनी नीट मांडायला लावलं. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं: "प्रत्येक भागाकार एकाने केला आहे आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे करून पाहिला आहे." ते मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. 'दुसऱ्याने' या शब्दामागे लपायला एवढी चांगली जागा मला कधी मिळाली नव्हती.

महिन्याभराने उत्तर आलं. काकाजींना ते वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर बसून मी ते मराठी करून मोठ्याने वाचलं. काकू दारात उभ्या होत्या. प्रोफेसरांनी फार अगत्याने लिहिलं होतं. बावीसचा नियम बरोबर आहे, तो जुना आणि सिद्ध झालेला आहे, पण आपण तो आपल्या आपण शोधलात याचं मला मोठं आश्चर्य वाटतं. मात्र आपला आकडा अविभाज्य नाही. कृपया २१,६४९ ने भागून पाहावं.

मी थांबलो. काकाजी हसले.

"प्रोफेसर चुकले," ते म्हणाले. "माह्या हातून चूक होईन, हाव. पन माह्या बी अन् तुह्या बी? दोघायच्या? तूच सांग."

मी म्हटलं, "हो ना."

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललास? मलाही तेच विचारायचं आहे. उलट त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहायला लावलं, दोघांनी पडताळलं आहे असं पुन्हा, आणि खाली माझी सही मागितली. मी ती केली. मग पाकीट बंद करायच्या आधी त्यांना वाटलं, सोबत तो एक भागाकार पुरा मांडून पाठवावा. प्रोफेसराला उलट लिहायचं म्हणजे पुरावा हवा. शेजारच्या घरून पाटी आणली. काकाजी तोंडाने भागणार आणि मी खडूने लिहिणार.

पहिल्या सहा एकांत पाच वेळा. मग एक, तीन, दोन. काकाजी डोळे मिटून बसले होते. तोंडी गुणाकार करायची त्यांना तेवढीच सवय होती जेवढी तुम्हाआम्हाला श्वासाची.

"खाली काय हाय आता?"

"चौऱ्याऐंशी हजार चारशे एकतीस."

"तीन येळा. चौसष्ट हजार नऊशे सत्तेचायीस वजा कर."

"एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी," मी म्हणालो.

"शेवटचा एक खाली घे."

"एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस."

"नऊ येळा," काकाजी म्हणाले आणि एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास नव्वे मनात करू लागले. त्यांचे ओठ हलले. मग ते अगदी सावकाश म्हणाले, "एक लाख... चौऱ्याण्णव हजार... आठशे... एक्केचायीस."

खाली काही उरलं नव्हतं. मी पाटीवर शून्य काढलं. तसं ते सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी वही मागितली. मी पान शोधलं. पहिल्या चौथाईतलंच होतं, सात-आठ महिन्यांच्या सुमाराचं. तिथे १९४८४ च्या जागी १९४४८ लिहिलेलं होतं. आठ आणि चार एकमेकांच्या जागी गेले होते. त्यामुळे शेवटचा भाग नवाऐवजी आठ वेळा गेला होता आणि बाकी एकवीस हजार दोनशे एकोणनव्वद उरली होती. त्यांनी नवाचा ताळाही घेतलेला होता, आणि तो जुळत होता. त्या वजाबाकीशेजारी माझं तांबडं टिंब होतं. खाली माझी सही होती.

हे पान मी नीट पाहिलं असतं तर त्याच सोमवारी काकाजी अख्ख्या कचेरीत नाचले असते. आकडा फुटला, तोही त्यांच्या हातून! आणि वही तिथेच मिटली असती. त्यापुढचे साडेसातशे भागाकार, त्या दीड वर्षाहून अधिक दिवसांचा ओसरीवरचा उजेड, सगळं कशासाठीच नव्हतं. डोळ्यांत एकच आकडा मावत होता, आणि तो फुटून गेल्यावरही ते त्यालाच भागत राहिले होते.

"हा तू करून पाह्यला होता ना?" काकाजींनी विचारलं.

मी म्हणालो, "हो काकाजी. माझ्याकडूनही तेच झालं बहुतेक. आठ आणि चार."

ते बोलल्याबरोबर मला कळलं की मी काय बोललो. तीस वर्षं नकला पडताळलेल्या माणसाला मी सांगत होतो, की दोन माणसांनी वेगवेगळ्या घरी बसून, त्याच वजाबाकीत, तेच दोन आकडे उलटे केले. काकाजींचा चेहरा माझ्याकडे वळला. नजर जरा बाजूला लागत होती.

"बरं," ते म्हणाले.

दारातून काकूंनी विचारलं, "काय झालं? कोनाचं चुकलं?"

"कोनाचं नाई," काकाजी म्हणाले. "दोघायच्या बी डोयातून सुटलं."

मग त्यांनी मला जोडीदार आकडा विचारला. मी पाटीवरून वाचला, पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि म्हणाले, चांगला आहे. प्रोफेसरांना लिहिलेलं उत्तर फाडायला सांगितलं आणि दुसरं सांगितलं, एका ओळीचं: आपलं म्हणणं खरं आहे, आभारी आहे. त्याखाली त्यांनी माझी सही मागितली नाही.

पुढे कचेरीतही त्यांनी माझ्याशी कधी आवाज चढवला नाही. माझ्याकडून कागद वाचून घेत, माझ्या घरची विचारपूस करत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रोज सकाळी ठरवून जायचो की आज सांगू, आणि रोज काहीतरी काम निघायचं. पंचावन्न पुरी झाली, नोकरी सुटली. दोघं अमडापूरला जायला निघाली त्या दिवशी मी सामान लॉरीवर चढवायला गेलो होतो. काकाजींनी काखेतून वही काढली आणि माझ्या हातात दिली.

"तुह्यापाशी ठेव. सवड भेटली तर पाह्य. मले एवढंच समजलं पाह्यजे, की ती एकच चुकली का अजून बी हायत. एकच असन तर माहे डोये अखेरवरी बरे होते म्हनाचे."

"पाहतो काकाजी. नक्की," मी म्हणालो.

सहा-सात महिन्यांनी अमडापूरच्या शाळामास्तरच्या अक्षरात कार्ड आलं. रुजवात कुठवर आली? मी उत्तर लिहिलं, चालू आहे. वही कपाटात होती. पावसाळ्यानंतर दुसरं कार्ड आलं. त्यात एवढंच विचारलं होतं, किती निघाल्या? त्या आठवड्यात माझ्या घरी पाहुणे होते. मी कार्ड लिहिलं: सगळे पाहिले. ती एकच चूक. बाकी सर्व बरोबर.

त्यानंतर कार्ड आलं नाही. मग माणसाकडून निरोप आला, काकाजी गेले.

त्यानंतर मी वही उघडली. ज्याला कळवायचं तो गेल्यावर करणं म्हणजे काय, हे तुम्ही सांगायला नको. पण उघडली. पहिल्या पानापासून, कोऱ्या कागदावर, एकेक भागाकार. मला दोन वर्षं लागली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास सोडून एकही चूक नाही. शेवटचे शंभर भागाकार तर त्यांनी जवळजवळ आंधळेपणी केलेले होते, ओळी एकमेकींवर चढलेल्या, अंक बोटभर मोठे. पण आकडा एकही इकडचा तिकडे नाही.

म्हणजे कार्डावर मी लिहिलं होतं ते खरं निघालं. मी अमडापूरला गेलो. वही सोबत घेतली. काकू थकल्या होत्या, पण त्यांनी ओळखलं. चहा झाल्यावर मी सांगितलं, की काकू, मी सगळी वही तपासली, हजारांत त्यांची एकच चूक होती, बाकी सगळं अचूक.

काकूंनी कपबशी खाली ठेवली.

"ते तर तुमी तवाच लिवलं होतं ना, भाऊ? कारड आलं होतं की. मास्तरनं वाचून दाखवलं त्याहिले."

"हो," मी म्हणालो. "काय म्हणाले ते?"

"मी म्हनलं, पाहा, एकच चुकलं तुमचं, आता तरी सुखानं झोपा. तर म्हने, 'त्यानं लिवलं हाय, पाह्यलं नाई अजून. पाहीन तो. वय हाय त्याचं.'"